बिनबंदराची सफर

मालवणच्या धक्क्याजवळ बोटीच्या एजंटाची कचेरी होती. तिथे गुरुदास वायंगणकर, म्हणजे आमचे भाई, तिकिटं फाडायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी माणसं मुंबईला धाडली, आणि स्वतः मात्र मालवण सोडून दुसऱ्या कुठल्याही बंदराला पाय लावला नाही. आजारबिजार काही नव्हता. कौल होता.

त्यांचे वडील आगबोटीने मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. आई धास्तावली आणि तिने ग्रामदेवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली, डावीकडचं आधी पडलं, आणि निकाल लागला: या पोराने दुसऱ्या बंदराला पाय लावू नये. पोर तेव्हा बारा वर्षांचं होतं. पुढे आई गेली, गुरवही गेला, कौल तेवढा ठणठणीत राहिला.

मी त्याच कचेरीत त्यांच्या हाताखालचा कारकून. देवीविषयी माझं काही म्हणणं नाही, पण भाईंविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. प्रवाशाला मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "वरच्या डेकार बसा, वारो बरो लागता." तो डेक या गृहस्थाने जन्मात पाहिलेला नव्हता. एकदा मी म्हटलं, एसटीने तरी मुंबई बघून या. तर म्हणतात, "अरे, मुंबय म्हणजे बंदरच मां?"

छप्पन साली मात्र त्यांचं डोकं चाललं. देवीने बंदर मना केलं होतं, समुद्र नव्हे! कायद्यातून पळवाट काढणारे वकील मी पुष्कळ पाहिलेत. देवीच्या निकालातून काढणारा हा एकच. त्यांनी सत्यवान लाँचवाल्याला पटवलं आणि दर रविवारी सफर सुरू झाली. धक्क्यावरून निघायचं, किल्ल्याला वळसा घालायचा, किनारा पुसट होईपर्यंत आत जायचं आणि तीन तासांनी त्याच धक्क्यावर उतरायचं. मध्ये कुठेही थांबायचं नाही.

निघण्याआधी देवाला गाऱ्हाणं. भाई नारळ हातात धरून उभे राहायचे. "बा देवा म्हाराजा, ही लाँच खंयच न लागता जशी गेली तशी परत येवंदे रे म्हाराजा!" आणि सगळी लाँच एका सुरात, "होय म्हाराजा!" बाकीची दुनिया देवाला म्हणते, कुठेतरी पोचव. आमची माणसं नारळ देऊन सांगत होती, कुठेच पोचवू नको.

बांद्याचे एक कापडवाले ठेवणीतला कोट चढवून सहकुटुंब आले. पाऊण तासात सगळं कुटुंब कठड्यावर ओणवं. धक्क्यावर कुणीतरी विचारलं, "खंय जावन इलात?" कापडवाले तोंड पुसत म्हणाले, "खंयच नाय." पुढच्या रविवारी पुन्हा हजर!

मी पहिल्यांदा गेलो तो भाईंची खोडी काढायला. भाई पुढच्या टोकाला उभे राहून उत्तरेकडे बघत होते. "मुंबय त्या अंगाक," ते म्हणाले. "बापूस माझो त्याच वाटेन गेलो." मी खोडी काढली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाईट वाटलं.

त्रेसष्ट साली त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, सुगंधाला, मुंबईच्या एका इस्पितळातून नर्सिंग शिकायला बोलावणं आलं. मॅट्रिक होऊन ती वर्षभर घरात बसली होती. एक जूनला हजर व्हायचं होतं, आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. रुक्मिणीवहिनींनी नवऱ्याला सांगितलं, "आधी देवीक कौल लावया. उजवो पडलो तर जावंदे."

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुगंधाच्या नावाचं तिकीट फाडलं. मग आणखी एक, जाऊन-येऊन, स्वतःच्या नावाचं.

"कौल उजवो पडलो?" मी विचारलं.

"लावूकच नाय."

"कित्याक?"

"डावो पडलो तर?"

दोन्ही तिकिटं खिशात घालत ते म्हणाले, "मी बोटीतसून उतरूचंय नाय. तिका वरसूनच निरोप देतलंय आणि त्याच बोटीन परत येतलंय." म्हणजे तीच सफर, जरा लांबची. मला हसू आवरेना. मुंबईच्या धक्क्याला जाऊन मुंबईत न उतरणारा माणूस फक्त मालवणातच निपजायचा!

बोट परत आली तेव्हा मी मुद्दाम धक्क्यावर गेलो. "काय भाई, कौल पाळलात मां?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ट्रंक जड होती रे," ते म्हणाले. "हमाल गावाना. माझा चेडू सुगंधा एकटाच ओढी होता."

"मगे?"

"मगे काय? उतरलंय."

एवढं बोलून ते घरी गेले.

रविवारी मोसमातली शेवटची सफर होती. बोलावणं नसताना मी लाँचमध्ये जाऊन बसलो. भाईंनी नारळ घेतला, नेहमीसारखं "बा देवा म्हाराजा" म्हटलं आणि अडखळले. मग म्हणाले, "माझा चेडू ज्या बंदराक उतरला, थंय तेका सुखी ठेव रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं बदललेलं पाहून लाँचमधली माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

"होय म्हाराजा!" मी एकटाच ओरडलो.