फळ्यावरची म्हण

शुक्रवार पेठेतल्या चौकातला मंडळाचा फळा शिवयोगी बिराजदार लिहितात. रोज सकाळी आपली पिठाची गिरणी उघडण्याआधी एक म्हण. अलीकडे त्यांना पोरांच्या मोबाइलची काळजी लागली होती. लपवावं लागेल असं काही करू नका, एवढंच सांगायचं म्हणून त्यांनी लिहिलं : कर नाही त्याला डर कशाला.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या ऋतुजाचा चेहरा कुणीतरी भलत्याच फोटोला चिकटवून पसरवला. घाबरून तिनं आपलं खातं बंद केलं. मग त्या फोटोखाली कुणीतरी शिवयोगींच्या फळ्याचा फोटो टाकला, त्यांच्या वळणदार अक्षरातल्या त्या म्हणीसकट.

दळण न्यायला आलेल्या तिच्या आईनं मोबाइल पुढं धरला. "मामा, पोरगी जेवंना झालीया. तुमीच लिवलंय की हे."

"व्हय, पण तिच्यासाठी न्हाय, ताई."

"ती म्हणती, मामांनाबी तसंच वाटतंय."

गिरणी बंद करून शिवयोगी चौकात गेले. फळा पुसला. म्हणी पुष्कळ आठवल्या, पण आता प्रत्येक म्हण कुणाला तरी लागेल असं वाटू लागलं. शेवटी त्यांनी लिहिलं : ज्यानं काही केलं नाही, त्यालाही भीती वाटते. खाली स्वतःचं नाव घातलं.

"ह्याचाबी फोटो काढा की रं," ते कट्ट्यावरच्या पोरांना म्हणाले.

"मामा, ही कुटली म्हण?" एक जण हसला. मोबाइल कुणीच काढला नाही.

शिवयोगी ऋतुजाच्या दाराशी गेले. बंद दारापुढं उभं राहून त्यांनी ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. मग पुन्हा म्हटलं.