तीन घावांची परीक्षा

आमचा दादा वेल्डर. हातात कसब, डोकं मात्र सदैव भडकलेलं. गल्लीत कुणाच्याही डोक्यात नव्या धंद्याचं खूळ शिरलं की तो आधी दादाकडे यायचा. "तोंडाची वाफ दवडू नको, एक नग बनवून आण," दादा म्हणायचा. नग आणला की ऐरणीवर ठेवून घण घालायचा. तीन घावांत वस्तू मोडली, की त्या धंद्याचे तिथेच बारा वाजले.

खेळणीवाल्याची लाकडी गाडी, शिंप्याची पत्र्याची पेटी, सगळ्यांचा चुराडा. एका सुताराने चिडून दादाचे दोन दात पाडले. दादाने त्याच्या बरगड्या मोडल्या आणि मग स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं. मूर्ख माणूस! पोरांची गाडी काय घणाने तपासतात? पण मला त्याला हसता यायचं नाही. बाबांनी सात धंदे काढले, सातही बुडाले आणि दर वेळी कमरेचा पट्टा निघाला. दादा माझ्या अंगावर आडवा पडून सगळे फटके स्वतः खायचा. वाईट धंदा घरात शिरण्याआधीच ठेचायचा, एवढंच तो त्यातून शिकला.

मी त्याच्याच हाताखाली वेल्डिंग शिकले. सहा महिने खपून मी रंगाऱ्यांसाठी घडीची शिडी केली. तिच्या एका बाजूचे पाय आखूड करता यायचे, म्हणून ती जिन्यावरही सरळ उभी राही. ही मोडली असती तर मी जन्मभर दादाच्या हाताखाली खिडक्यांच्या जाळ्या जोडत बसले असते.

पहिला घाव. दुसरा. तिसरा. एक पायरी वाकली, पण शिडी मोडली नाही.

"झाले की रे तीन," मी म्हणाले.

त्याने चौथा घातला. पाचवा. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. "बुडणार! हीसुद्धा बुडणार!" असं ओरडत तो हाणत सुटला. मी त्याचा दंड धरला. त्याने कोपर मागे झाडलं ते थेट माझ्या तोंडावर. ओठ फाटला, मी भिंतीवर आपटले. तेव्हा कुठे त्याच्या हातातून घण सुटला.

"लागलं का गं?" त्याने विचारलं. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की रडूसुद्धा फुटेना.

मी शिडी उचलली आणि समोरच्या इमारतीत नेली. तिथे एक रंगारी जिन्यात विटांच्या थप्पीवर फळी टाकून भिंत रंगवत होता.

"चढून बघा," मी रक्त थुंकत म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत बिचकतच चढला. वाकलेली पायरी जपून ओलांडली, वर पोचला, आणि दोन्ही हात मोकळे सोडून ब्रश चालवू लागला. "अशा अजून दोन द्याल का?"

दादा मागोमाग येऊन जिन्याखाली उभा होता. "दोघं मिळून करू गं," तो म्हणाला.

"धंदा मी करणार, दादा," मी म्हटलं. "पण तुझ्याबरोबर नाही."