दोन घंट्या म्हणजे जा

सकाळी पोळ्या लाटताना शेजारच्या स्वयंपाकघरातलं फोनवरचं बोलणं मला ऐकू येतं. दीपमालाताई फोन कानाला लावत नाहीत. पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर टाकतात आणि मेथी निवडत बोलतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचं कळतं. मी ऐकते, खोटं कशाला बोलू!

“हॅलो, दीपमालाताई का? मी कौसल्या. मंठ्याहून बोलून राह्यले. तुम्ही मला वळखत न्हाईत.”

“आता वळखते की. बोल.”

“उद्या जालन्याला येऊन राह्यलो. दवाखान्याचं काम अकरापर्यंत होतंय. मंग म्हणलं, एखादा पिच्चर बघावा.”

“सोबत कोण?”

“सासूबाई.”

“गुडघे कसे हायेत त्यांचे?”

“गुडघ्यासाठीच तर दवाखाना.”

“मंग पिच्चर दुसऱ्या खेपेला. तिथं वर जायला चोवीस पायऱ्या हायेत, मी मोजल्यात. उद्या मोतीबागेत जा, सावलीला बसा. चहा बाहेरच्या गाडीवर घ्या.”

मागून एक खणखणीत आवाज आला, “तिला ईचार, चहा पाण्यासारखा तर नसतो ना?”

“ह्या कोण?”

“सासूबाईच, आमच्या आत्याबाई. चांगुणाबाई.”

“त्यांना सांग, बिलकुल घट्ट असतो. मी पिऊन आले.”

‘मी पिऊन आले’ हे दीपमालाताई दर वेळी सांगतात. त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती त्यांच्या नवऱ्याची आहे.

राजानंदभाऊ एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं जालना-जाफराबाद गाडीवर. गाव टेंभुर्णी. तालुक्यातला माणूस जालन्याला निघाला की तिकीट घेता घेता त्यांनाच विचारायचा, “साहेब, जेवायला कुठं बरं? पिच्चर कोणता चांगला लागलाय?” भाऊ चिल्लर देता देता सांगायचे: अमक्या गल्लीतली शेवभाजी, तमक्या टॉकीजचा पिच्चर. इतकं ठाम सांगायचे की कुणी दुसऱ्याला विचारतच नसे.

रिटायर झाल्यावर दोघं जालन्याला आमच्या गल्लीत राहायला आले. पहिल्याच रविवारी विहारातून वंदना करून निघताना दीपमालाताई म्हणाल्या, “चला, ती शेवभाजी खाऊ.” भाऊ निघाले, आणि दोन गल्ल्या फिरून एका पानवाल्याला हॉटेलचा पत्ता विचारायला लागले.

“तुम्ही इथं कधी आल्ताच न्हाई?” ताईंनी रस्त्यातच विचारलं.

“कधी येणार? गाडी वीस मिनिटं उभी. तुझा डबा खाल्ला की निघालो.”

“मंग एकतीस वर्षं लोकांना कसं सांगत व्हते?”

भाऊंनी खरं ते सांगितलं. परतीच्या गाडीत सगळं कळतं. ज्या हॉटेलात जेवलेली माणसं बसल्या बसल्या घोरायला लागतात, ते चांगलं. ज्या हॉटेलात जेवलेल्या माणसासाठी टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी थांबवावी लागते, ते बाद. सिनेमाचंही तसंच. शेवटची गाडी गाठायची म्हणून गावाकडच्या बायका मध्यंतर झालं की उठायच्या. पुढचं काय झालं हे मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्यांकडून भाऊंना कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते गाडीत सांगायचे. त्यांनी सांगितलेल्या शेवटात कधी कुणी मरत नसे. “बायका कशाला रडत घरी जाव्यात?” असं त्यांचं म्हणणं.

दीपमालाताईंनी तोवर आयुष्यात सहा पिच्चर पाहिले होते. सहाही अर्धे. सहाही शेवट नवऱ्याच्या तोंडून.

त्या दिवशी त्यांनी शेवभाजी खाल्ली, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, “आता मी खाऊन सांगते. मी बघून सांगते. तुम्ही फक्त सोबत चला.”

तेव्हापासून दर रविवारी दोघं बाहेर पडतात. गल्लीतल्या बायका गेटवर टोमणे मारतात. “या वयात काय हो ताई, जोडीनं फिरायचं?” एकीने विचारलं.

“या वयातच,” ताई म्हणाल्या. “त्या वयात डबे करीत व्हते.” आणि चपला घालून चालत्या झाल्या.

बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं आणि गावागावातून त्या एकट्यादुकट्या जालन्याला यायला लागल्या. राजानंदभाऊंचा नंबर सगळ्यांकडे होताच. फोन आता ताई घेतात. त्यांचं शिक्षण सातवी, टायपिंग जमत नाही, म्हणून त्या सांगतात आणि मी माझ्या मोबाइलवर लिहून ग्रुपवर टाकते. मेहनताना म्हणून मला मेथी निवडून मिळते.

यादीचा नियम गाडीचा आहे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे जा. आणि त्यात जे लिहिलेलं असतं ते मी आजवर कुठल्या पेपरात वाचलेलं नाही. ‘पिच्चर चांगला, पण तीनचा शो धरला तर शेवटची गाडी चुकते, बाराचाच धरा.’ ‘थालीपीठ बरं. संडासाला आतून कडी आहे.’ ‘एकटी बाई एक चहा घेऊन तासभर बसली तरी कुणी उठवत नाही, दोन घंट्या.’ मी बी.ए. झालेली बाई. पण कडीचं आपण कधी कुणाला सांगितलं नाही, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं.

गेल्या हिवाळ्यात अंबड चौफुलीकडे एक नवं हॉटेल उघडलं. नाव इथे लिहीत नाही, यादीत आहे. मालक संपतराव, टेंभुर्णीचेच. समोर मोठी काच, काचेतून रस्ता दिसतो. दोघं हौसेने गेले. दारातच वेटर म्हणाला, “फॅमिली आतमधी.”

“समोर जागा हाये की,” ताई म्हणाल्या.

“मावशी, समोर जेन्ट्स बसतेत.”

“हे जेन्ट्सच हायेत. मी यांच्यासोबत बसते.”

“मंग ते बी आत. फॅमिली झाली ना.”

आत तीन खण होते. प्रत्येकाला मरून रंगाचा पडदा. राजानंदभाऊ भिडस्त, ते जाऊन बसलेसुद्धा. ताईही बसल्या, जेवल्या आणि घरी न जाता थेट माझ्याकडे आल्या. पर्स अजून खांद्यालाच होती.

“अरुंधतीताई, लिहा.”

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, “बसण्याची थोडी गैरसोय, असं लिहू का?”

“गैरसोय कशाला? पडदा. पडदाच लिहा. बाईमाणसाला पडद्यामागं बसवतात. पंखा न्हाई. बेसिनचं पाणी पायाशी येतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “वांग्याची भाजी चांगली हाये. ते बी लिहा. एक घंटी.”

मी लिहिलं. लिहिताना मनात आलं, असल्या खणात मी तीस वर्षं बसत आले. जगन्नाथना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती सोय वाटते. मला तीही वाटली नाही आणि गैरसोयही वाटली नाही. मी नुसती आत जाऊन बसत गेले.

दोन दिवसांनी संपतरावांचा फोन आला. ताईंना नाही, भाऊंना. आम्ही ओट्यावर शेंगा सोलत होतो, तिथेच त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

“जयभीम, राजानंदभाऊ. आपल्याच गावच्या माणसाला एक घंटी? अहो, लेडीज लोकांच्या इज्जतीसाठी तर पडदा लावला. वहिनीला सांगा, तेवढी ओळ काढा. बायका यायच्या बंद झाल्यात.”

भाऊ “बघतो, बघतो” म्हणाले आणि फोन ठेवून बायकोकडे पाहिलं. “काढून टाक ना. गावचा माणूस हाये. उद्या टेंभुर्णीत तोंड दाखवायचंय.”

“कुणाचं तोंड? माझं तर त्यानं झाकलं.”

“एवढ्याशा पडद्यासाठी—”

ताईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. “एक सांगा. मामंजीची गोष्ट तुम्ही आल्यागेल्याला सांगता का न्हाई?”

मामंजी म्हणजे भाऊंचे वडील, सर्जेराव. ती गोष्ट मीही चारदा ऐकली आहे. त्यांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात यांच्या लोकांचा कप वेगळा असायचा, भिंतीच्या कोनाड्यात, आणि चहा बाहेर उभं राहून प्यायचा. एक दिवस सर्जेराव आत गेले आणि बाकावर बसले. चहा येईपर्यंत उठले नाहीत. चहाला दुपार झाली.

“सांगतो,” भाऊ म्हणाले.

“छाती फुगवून सांगता. बाप बाहेरून आत जाऊन बसला, त्याचा अभिमान. बायको आतून बाहेर येते म्हणली, तर तोंड कसं दाखवू!”

भाऊंनी चारदोन शेंगा फोडल्या, दाणे खाल्ले. मग फोन लावून कानाला धरला.

“संपतराव, घंटी एकच राहील. फाडलेलं तिकीट मी परत घेत नसतो.”

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. पण कानापासून फोन चार बोटं लांब धरलेला मी पाहिला.

पुढच्या आठवड्यात संपतरावांनी धोरण बदललं. स्वतः फोन करून जेवायचं बोलावणं दिलं. ताईंनी मलाही ओढून नेलं. आम्हाला चक्क समोर, काचेजवळचं टेबल. संपतरावांनी स्वतःच्या हाताने बासुंदी वाढली.

“वहिनी, हे टेबल तुमच्यासाठी कायम.”

“माझ्यासाठी नको. सगळ्या बायांसाठी हाये का?”

“तुमची गोष्ट वेगळी हो.”

“ती कशी काय?”

संपतराव हसले आणि आणखी एक वाटी बासुंदी मागवली. ताईंनी तीही खाल्ली, सावकाश, रस्त्यावरची माणसं बघत. निघताना सगळ्याचे पैसे काउंटरवर ठेवले. ते नको नको म्हणत राहिले.

“मग आता दोन घंट्या?” मी रिक्षात विचारलं.

“जरा थांबा,” त्या म्हणाल्या, आणि मंठ्याला फोन लावला. “कौसल्या, चांगुणाबाईला दवाखान्यात परत कधी आणून राह्यलीस?”

“सोमवारी, ताई.”

“मंग एक काम कर. दुपारी तिथं जेवायला जा. समोर बसायचं म्हण. माझं नाव बिलकुल काढू नको. समोर बसू दिलं, तर मी दोन घंट्या लिहिते, संपतरावाला फोन करून माफी बी मागते.”

सोमवारी दुपारी आम्ही तिघं ताईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. फोन डब्याला टेकवलेला. भाऊ दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांना मनातून वाटत होतं की दोन घंट्या व्हाव्यात. गावाकडे जायची वाट मोकळी झाली असती. तसं त्यांनी मला हळूच सांगितलंही. ताई मेथी निवडत होत्या, पण काड्या पानांत आणि पानं काड्यांत पडत होती.

दीडला फोन वाजला.

“ताई, आतच पाठवलं हो. समोर चार टेबलं खाली व्हती, तरी.”

भाऊ स्टुलावर बसले. ताईंचा हात थांबला. “मंग?”

“मंग आत गेलो. आत्याबाई म्हणल्या, मला गुदमरून राह्यलंय, पडदा काढा. वेटर म्हणला, आज्जी, पडदा निघत नसतो.”

“मंग?”

“मंग निघाला की! वर नुसत्या कड्याच हायेत. आत्याबाईनं खुर्चीवर हात टेकला, वर बघितलं, अन् सरकवून सरकवून एकेक कडी काढली. घडी घातली. घडी खुर्चीवर ठेवली अन् तिच्यावर बसल्या. खुर्ची टणक हाये म्हणल्या.”

भाऊंना ठसका लागला. “मालक? मालक काय म्हणला?”

“आला ना तावातावानं. आत्याबाईनं त्याला म्हणलं, तू कोण? वाढपी का? मंग भाकर गरम आण जरा.”

“आणली?”

“आणली! अन् शेजारच्या खणातली बाई व्हती ना, तिनं बी तिचा पडदा काढला. ती कोण, कुठली, आमाला म्हाईत न्हाई.”

मागून चांगुणाबाईंचा खणखणीत आवाज आला, “तिला सांग, वांग्याची भाजी मातर चांगली हाये!”

फोन बंद झाल्यावर ताईंनी पदराने डोळे पुसले. हसून पुसले की कसे, मी विचारलं नाही. “लिहा, ताई,” त्या म्हणाल्या. “पडदा निघतो. वर नुसत्या कड्या आहेत. घडी घालून खुर्चीवर ठेवला, तर बसायला बरं पडतं.”

मी लिहिलं. शब्द न बदलता.

“अन् घंटी?” भाऊंनी विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती.

“एकच. समोरचं टेबल कुठं दिलंय अजून?”

भाऊ उठले, पुढे आले आणि माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, “त्या वेटरचं बी लिहा. निघत नसतो म्हणाला व्हता, ते.” तेही लिहिलं.

यादी पाठवली तेव्हा दोन वाजले होते. मी घरी जाऊन भात लावला. कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत शेजारी फोन वाजला आणि मी गॅस बारीक केला.

“दीपमालाताई का? जाफराबादहून बोलून राह्यले. ते पडद्याचं हॉटेल कुठं आलं हो? आमी सातजणी हायेत.”

“चौफुलीला उतरा,” ताई म्हणाल्या. “सकाळच्या गाडीनं निघा, बराबर जेवायच्या टायमाला पोचता. त्यांना आधी समोर बसायचं म्हणा. न्हाई म्हणले तर आत जा. खण तीन हायेत.”

“अन् पडदे?”

“ते बी तीन. तुमी सात हायेत ना?”