निनादच्या बाहीवरची कणीक

आता ही फजिती कुठून सुरू करू? अब्रू गेली भांडुपला, पण संशयाची सुरुवात मुलुंडला झाली, तेव्हा मुलुंडपासूनच घ्या.

मी चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनची धिप्पाड थोरली बहीण. तिला बघितलं की रिक्षावाले न थांबता वेग वाढवतात. निनाद पियानो वाजवतो. आमचा दोघांचा पहिलाच कार्यक्रम ठरला होता. आधी भूपाचा आलाप आणि त्यातूनच अलगद उगवणारी कोकणातली फुगडीची चाल.

ही चाल दिली तात्यांनी. तात्या म्हणजे बाबांचे काका, भांडुपच्या भजनी मंडळाचे पखवाजी. पण चाल देऊन गप्प बसतील तर ते वडीलधारे कसले? प्रत्येक तालमीनंतर एकच, "बाय, जरा सावकाश." शेवटी मी तोंडावर सांगितलं, तात्या, हे भजन नाही. आणि त्यांना तालमीला बोलावणंच बंद केलं.

त्यानंतर निनाद तालमी चुकवायला लागला. कारण काय, तर दाताचा डॉक्टर. मग परत डॉक्टर. मग परत. अहो, माणसाला एवढे दात असतात का?

एक दिवस मुलुंडला त्याच्या घरी तालमीत त्याच्या बाहीवर वाळलेली कणीक दिसली. विचारलं तर म्हणाला, चपात्या केल्या. निनादने! ज्याला मॅगीसाठीसुद्धा आईला फोन लावावा लागतो, त्याने! मला वाटलं, याने दुसरी चेलोवाली गाठली, आणि वर ती चपात्याही करते.

तेवढ्यात पियानोवरचा त्याचा फोन वाजला. नाव होतं तात्यांचं. त्याने झटकन फोन पालथा घातला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कणीक! पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. म्हणजे हा तात्यांकडे जात होता. पियानो आणि पखवाज! शनिवारी कार्यक्रम, आणि माझा पत्ता कट. तोही घरच्याच म्हाताऱ्याकडून.

पुढच्या वेळी डॉक्टरचं नाव निघालं, तशी मी त्याच्या मागोमाग भांडुप गाठलं. मंडळाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून निनाद विचारत होता, तिला कळलं तर?

"कळाक देव नको," तात्या म्हणाले. "शनिवारपर्यंत गप ऱ्हव."

मी चपलांसकट आत घुसले. टाळ थांबले.

"माझ्या जागी तात्यांना घेतोयस ना? तोंडावर सांग."

निनादने कणकेने माखलेला हात पाठीमागे लपवला. तात्यांनी चष्मा नीट केला.

"तुज्या जागेर? गो बाय, तुज्या मागसून धावाक माणूस तयार करतंय मी. तुजी जागा कोणाक व्हयी?"

मग निनादने सगळं ओकलं. म्हणे फुगडी सुरू झाली की मी सुसाट सुटते. मला सांगायची सोय नाही, कारण मी अंगावर येते. आणि पळणाऱ्याला ऐकणाऱ्यांच्या नकळत कसं गाठायचं, हे तात्यांइतकं कोणाला जमत नाही, म्हणून त्यांच्याच पखवाजावर शिकवणी चालू होती. त्यांची अख्खी हयात मंडळाच्या बुवांमागे धावण्यात गेली होती.

बुवा समोरच पेटीवर बसले होते. "मी खंय पळतंय?" त्यांनी विचारलं.

सगळं मंडळ छताकडे बघायला लागलं. मला बुवांची इतकी कीव आली! बिचाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पण मी कुठे पळते?" मी म्हणाले.

मंडळ परत छताकडे.

शनिवारी मी हट्टाला पेटले. म्हटलं, दाखवतेच या लोकांना. दात-ओठ खाऊन लय धरून ठेवली. भूप कसा शांत, फुगडी कशी संथ! निनाद आणि मी एकदम समेवर आलो, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तात्या रुमालाने घाम पुसत होते. वाजवलं आम्ही, दमले ते. मी त्यांच्याकडे बघून मान उडवली. आता बोला!

एवढ्यात आयोजक काकू विंगेतून लगबगीने आल्या. मला वाटलं, कौतुक करणार. त्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "अगं, एवढ्यात मध्यंतर? वडे अजून कढईतसुद्धा पडले नाहीत. आणखी एखादं वाजवतेस का? पण जरा सावकाश हं."