आधी दोर्सिला

आमच्या सासूबाई दोर्सिला यांनी पहिली मूठ पेरल्याशिवाय आमच्या आवारात कुणी मातीत दाणा टाकत नाही. सियायाकडच्या आम्हा लुओ जमातीच्या घरांची ही जुनीच रीत. सासूबाईंचा मात्र तिच्यावर जरा जास्तच जीव. सुना कुदळी घेऊन ताटकळल्या, की नेमकी यांची दाढ दुखायला लागायची.

एका वर्षी डेन्मार्कच्या आणि इथल्या शेतकी संस्थांनी मिळून योजना आणली. लवकर तयार होणारं मक्याचं बियाणं आणि पावसाचा अंदाज फोनवर. मी थोरली सून, फोन चांगला वापरते, म्हणून माझा नंबर घेतला. "शुक्रवारच्या आत पेरा," असा निरोप आला. मी धावत सांगायला गेले.

"आभाळ आता सुनांशी बोलायला लागलं का गं, अपोंदी?" सासूबाई म्हणाल्या आणि सुके ओमेना मासे निवडत बसल्या. पेरलं अगदी सावकाश. मका गुडघ्याएवढा झाला, तोवर पाऊस सरला आणि सगळा करपला. मला रडूच आलं.

संस्थेची किर्स्टन म्हणाली, "तुझं शेत वेगळं आहे ना? मग टाक की पेरून."

"आणि रीत मोडली म्हणून घरात काही बरंवाईट झालं, तर निस्तरायला तू येणारेस?"

ती हसली, मग हसायची थांबली.

पुढच्या हंगामात निरोप सासूबाईंच्या फोनवर आला. आमच्या भाषेत, बाईच्या आवाजात. "दोर्सिला आई, नमस्कार. पाऊस जवळ आलाय. आधी तुम्ही पेरा."

"बघा, कशी रीतीनं बोलते! पेरते हो बाई," सासूबाई फोनला म्हणाल्या. आवाज आधीच भरून ठेवलेला आहे, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्या वर्षी कणगी भरली. मला विचारल्याशिवाय पाऊस येत नाही, असं त्या गावभर सांगत सुटल्या.

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या. निरोप आला तशा ओरडल्या, "गाडी काढा!" खत वाहायच्या एकचाकी गाडीत चादर अंथरून त्यांना शेतावर नेलं.

"खड्डे चुकव गं! मी काय शेणखत आहे?"

मूठ पेरून त्यांनी मातीवरून हात फिरवला. परतताना म्हणाल्या, "मी गेले तरी त्या बाईला माझंच नाव घेऊ दे. तिला सवय झालीय."

पीक हाती आल्यावर त्या गेल्या. मी किर्स्टनला काही कळवलं नाही.

काल सकाळी त्यांचा फोन वाजला. "दोर्सिला आई, नमस्कार." जावा बांधावर कुदळी घेऊन उभ्याच होत्या.

"पेरते हो बाई," मी म्हटलं, आणि मूठभर मका घेतला.