मार्डेलनं न लावलेला फोटो

मार्डेल स्टेफनिक शाळेत लागली तेव्हा ऑटिझम हा शब्दही तिनं नीट ऐकलेला नव्हता. त्याआधी ती गावच्या कर्लिंग रिंकच्या, म्हणजे बर्फावरच्या खेळाच्या मैदानाच्या, कँटीनमध्ये पेरोगी, बटाट्याच्या करंज्या, तळायची आणि रांगेत घुसणाऱ्यांना झापायची. कॅनडात, सस्कॅचवानातल्या आमच्या या गावात मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढल्यावर मात्र ती कुणाचं ऐकेना. नव्या शिक्षिका मोठमोठी तत्त्वं शिकून यायच्या. मार्डेलचं त्यावर एकच, "फळ्यावर लावलंय ते झालंच पाहिजे. होणार नसेल तर लावू नका."

तिच्याकडची ब्रिन आठ वर्षांची होती आणि बोलत नव्हती. तिच्या टेबलाशेजारी चित्रांचा फळा होता. सगळ्यात वर आज सोबत कोण त्या माणसाचा फोटो, खाली ओळीनं वाचन, डबा, जिम, बस. काही बदलणार असेल तर आधी चित्र बदलायचं, मग तोंड उघडायचं. एकदा जिमला अचानक कुलूप लागलं आणि चित्र तसंच राहिलं. मार्डेलनं शिपायाला गाठलं.

"अगं बाई, पाईप फुटलाय. आत तळं झालंय!"

"मग आम्ही बूट घालून जातो. चित्र लागलंय ना? उघड."

दोघी पाच मिनिटं पाण्यातून फिरून आल्या. पूर्वी जरा काही बदललं की ब्रिन जमिनीवर डोकं आपटायची. आता ती फळा बघायची आणि आपली आपण चालू लागायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुख्याध्यापिका उंगर बाईंनी मार्डेलला बोलावलं. चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत एक नवा मुलगा आला होता, तिथं माणूस हवा होता. "या महिन्यातल्या सुट्टीनंतर तू तिकडे. इथं ती नवी मदतनीस केंद्रा येईल. तूच म्हणतेस ना, मूल एकाच माणसाला बांधून ठेवू नये?"

मार्डेल म्हणायची खरी, मुलांच्या आयांना तर कानीकपाळी ओरडून सांगायची. पण बोलणं वेगळं. हातात दहा दिवस होते. रोज थोडा वेळ केंद्राचा फोटो वर लावायचा, केंद्रानं येऊन बसायचं, हळूहळू वेळ वाढवायचा. मार्डेलनंच बसवलेली पद्धत. केंद्राचा फोटो तिनं खिशात घातला आणि तो खिशातच राहिला. आज ब्रिनची झोप झालेली नाही. आज वर्गात पार्टी आहे. केंद्रा दारात आली की, "उद्या ये गं, आज नको." शेवटच्या शुक्रवारी ब्रिननं आपणहून मार्डेलच्या दंडावर डोकं टेकलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. मार्डेलचा हात खिशाकडे गेला आणि परत आला.

"दाखवलास ना फोटो तिला?" निघताना उंगर बाईंनी विचारलं.

"हो, दाखवला," मार्डेल म्हणाली.

सुट्टीनंतरच्या सोमवारी ब्रिननं फळा बघितला. वर मार्डेलचाच फोटो होता. शेजारी केंद्रा उभी. ब्रिननं कोट चढवला, बर्फाचे बूट घातले आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. डबा उघडला नाही. दुपारी केंद्रानं घाबरून मार्डेलचा फोटो काढला आणि स्वतःचा लावला. ब्रिन आली. तिनं एकेक करून सगळी चित्रं काढली, कडा जुळवून नीट गठ्ठा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग पुन्हा दाराशी.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर केंद्राचा फोन आला. "मी सगळी चित्रं परत लावली, मार्डेल. पण ती फळ्याकडे बघतच नाही गं. माझं कुठं चुकलं?"

"तुझं नाही. तुझा फोटो मी तिला दाखवलाच नव्हता. माझ्यानं झालं नाही. उंगर बाईंनाही मी खोटं सांगितलं." मार्डेलनं नाक पुसलं. "आता ऐक. सगळी चित्रं काढ. एकच लाव, पाण्याचं. लावलं की लगेच पाणी दे. परत लाव, परत दे. कंटाळू नकोस."

"किती दिवस?"

"मला दोन वर्षं लागली."

केंद्रा म्हणाली, "तू एकदा येऊन गेलीस तर? पाच मिनिटं?"

मार्डेलला तेवढंच हवं होतं. आठवडाभर तिला दुसरं काही सुचत नव्हतं. "नको," ती म्हणाली. "मी एकदा आले की ती रोज दाराशी उभी राहील."

"आणि तिनं तुझ्याबद्दल विचारलं तर?"

"तिला विचारता येत नाही गं, केंद्रा. ती नुसती वाट बघेल."