तीन डिपर आणि डावा इंडिकेटर

हवालदारांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा मागे नेला.

"आता नीट बघा, सावे. हा पूल. ही त्याची गाडी. ब्रेकलाईट लागते का?"

"नाही," मी म्हणालो.

"लागतच नाही. सरळ कठड्यावर. माणूस कितीही घाबरला तरी त्याचा पाय ब्रेकवर जातो. ह्याचा गेलाच नाही." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आठवड्यापूर्वीच कंपनीतून कमी केलंय त्याला. काय समजायचं ते आम्ही समजलो."

व्हिडिओ मी चालवत होतो त्या गाडीच्या पुढच्या काचेवर लावलेल्या, आमच्याच वर्कशॉपच्या कॅमेऱ्याचा होता आणि ब्रेकलाईट खरंच लागत नव्हती. माझा जबाब पाऊण पानात संपला. विचारलं तेवढं सांगितलं, खोटं एक अक्षर सांगितलं नाही. सही करून बाहेर आलो, तेव्हा आपण काय सांगितलं नाही हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी मनोरजवळ हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. महागड्या परदेशी गाड्यांचं वर्कशॉप आहे. पद 'फायनल इन्स्पेक्टर' असं लिहिलेलं असलं तरी सगळे मला ट्रायलवालाच म्हणतात. दुरुस्त झालेली गाडी मालकाला देण्याआधी रस्त्यावर चालवून बघायची आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. माझं घर पालघरच्या पश्चिमेला, वाडीतलं. चिकू-नारळाच्या घरातला मुलगा गाड्यांच्या मागे का लागला, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

लोकांना वाटतं, स्पोर्ट्स कार चालवायचा पगार मिळतो म्हणजे ह्याची चैन आहे. त्यात बसायचं म्हणजे कंबर डांबराला टेकल्यासारखी आणि समोर ट्रकचं चाक. आवाज ऐकायचा, स्टिअरिंगला थरथर आहे का बघायचं, गिअर नीट पडतात का बघायचं. गाणी लावायची नाहीत. गाडी आपली नाही हे एक मिनिटही विसरायचं नाही.

आमची ट्रायल चिल्हारहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. रस्ता रुंद आहे, मधे काही ठिकाणी सरळ पट्टा मिळतो. पण तिथे एक त्रास आहे. नारिंगी किंवा पिवळी, जमिनीला चिकटलेली गाडी दिसली की शेजारच्याला राहवत नाही. बाईकवाले येतात, सायलेन्सर बदललेल्या जुन्या गाड्या येतात. एकदा भाजीच्या क्रेट भरलेला पिकअप आला होता. दिवसाला दोन-तीन जण तरी शर्यत मागतातच.

मागायची पद्धत ठरलेली आहे. कोणी सुरू केली माहीत नाही, पण त्या रस्त्यावर ती सगळ्यांना कळते. मागून तीन डिपर मारायचे, म्हणजे हेडलाईट तीनदा लुकलुकवायचे आणि शेजारी यायचं. नको असेल तर समोरच्याने डावा इंडिकेटर द्यायचा आणि बाजूला व्हायचं. मग मागून आलेला हात दाखवून निघून जातो, कोणी रागावत नाही. हवी असेल तर काही सांगायचं नाही. फक्त गाडी खेचायची.

अकरा वर्षं मी डावा इंडिकेटर देत आलो. बाईकवाल्याला दिला, पिकअपला दिला. त्या दिवशी दिला नाही.

सकाळी अकराची वेळ होती. नारिंगी गाडी होती आणि मालक मुंबईहून येऊन वर्कशॉपच्या सोफ्यावर बसला होता. तक्रार अशी की जोर लावला की गिअर बदलताना झटका बसतो. असा झटका सावकाश चालवून सापडत नाही. त्यासाठी किकडाउन करावं लागतं, म्हणजे ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा. गिअरबॉक्स स्वतःच खालचा गिअर घेतो आणि गाडी उसळते. तेही गिअरबॉक्सचं तेल पुरेसं तापल्यावरच. तेल गार असेल तर झटका लपतो.

शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन इम्तियाज बसला होता. आमचा इलेक्ट्रिशियन, बोईसरलाच राहतो. लॅपटॉप गाडीला जोडला की वेग, गिअर, तेलाचं तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबला, सगळं लिहिलं जातं. त्याला आम्ही लॉग म्हणतो.

दोनदा वळसा मारूनही तेल तापेना. पुढे ट्रक येत होते, थांबावं लागत होतं. वर्कशॉपमधून दोनदा फोन आला. तिसऱ्या फेरीला पट्टा मोकळा मिळाला.

"साब, टेम्परेचर आ गया. अभी दबाओ," इम्तियाज म्हणाला.

त्याच वेळी आरशात मला डिपर दिसले. एक, दोन, तीन. पांढरी जुनी हॅचबॅक, मागून येऊन उजवीकडे शेजारी आली. काच खाली. आत पस्तिशीचा माणूस, एकटाच. तो हसला आणि म्हणाला, "चला शेठ."

इंडिकेटरची दांडी माझ्या बोटाखालीच होती. ती दाबली असती तर बाजूला व्हावं लागलं असतं, तेल गार झालं असतं, चौथी फेरी झाली असती. मी मनात म्हटलं, आपण थोडंच शर्यत लावतोय, आपण आपलं काम करतोय. आणि पाय तळापर्यंत दाबला.

बेचाळीसवरून अठ्ठ्याहत्तर. तीन सेकंदसुद्धा लागले नाहीत. झटका आला, इम्तियाज म्हणाला, "मिल गया," आणि मी पाय उचलला. आमचं काम झालं.

त्याचं मात्र आत्ता सुरू झालं होतं. आमची गाडी मंदावली हे त्याच्या लक्षात आलं नसावं. तो उजवीकडून पुढे निघाला, आणि पुढे जाताना डाव्या खिडकीतून आमच्याकडेच बघत होता. नारिंगी गाडी येते का, अजून का येत नाही. त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसला. मग तो पुढे गेला आणि मागच्या काळ्या काचेमुळे दिसेनासा झाला. तिथून पुढे नाल्यावरचा छोटा पूल आहे. तिथे रस्ता अचानक अरुंद होतो. पुढचं व्हिडिओत आहे.

आम्ही दोघांनी त्याला बाहेर काढलं. इम्तियाज त्याच्याशी सारखा बोलत होता, "भाई, आँख खोल के रख." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याचं डोकं धरून रस्त्यावर बसलो होतो. त्याच्या खिशात सरावलीच्या पत्त्याचं आधार कार्ड होतं. नाव महेश.

कॅमेरा समोरचं बघतो, शेजारचं बघत नाही. डिपर मागून आले, चेहरा बाजूने दिसला. यातलं काहीच कॅमेऱ्यात नव्हतं. लॉगमध्ये फक्त आमचा वेग होता, मर्यादेच्या म्हणजे ऐंशीच्या आत. आमचे मॅनेजर साठे साहेब लॉग बघून खुर्चीत टेकले. "सुटलो आपण," ते म्हणाले. "डिपरबिपर कोणी विचारलं तरच. आपणहून काही नाही."

कोणी विचारलं नाही. मीही आपणहून काही बोललो नाही.

दीड महिन्याने वर्कशॉपच्या गेटवर एक बाई आली. वॉचमनने आत आणलं. महेशची बायको, संगीता.

"तुमीच ती नारिंगी गाडी चालवत व्हते?"

"हो."

"पोलिस सांगतात, ब्रेक मारलाच नाय. सगळी म्हणतात जाणूनबुजून घातली." ती उभीच होती, खुर्ची देऊनही बसली नाही. "त्यांना त्या दिवसाचं कायपण आठवत नाय. डोक्याला मार हाय ना. माझ्याकडून चहा घेऊन निघाले तेवढं आठवतं. पुढं नाय. मला इचारतात, मी खरंच मरायला गेलो व्हतो काय गं? मी काय सांगू? तुमी शेवटचे पाहिलेत त्यांना. एकदा घरी येऊन सांगाल काय पाहिलंत ते?"

रविवारी मी सरावलीला गेलो. दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. महेश कॉटवर होता, पायाच्या बाहेरून सळया बसवलेल्या. त्याची आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती आणि मुलावरून नजर काढत नव्हती. हात धुवायला मी आत गेलो. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. आतून स्क्रूची चार भोकं होती, ताजी, कडेचं लाकूड अजून पांढरं. माझा धंदाच असा आहे की काढलेला पार्ट मला आधी दिसतो. कडी का काढली असेल हे कळायला वेळ लागला नाही. दाढीचं सामानही कुठे दिसलं नाही.

बाहेर आलो. महेश म्हणाला, "भाऊ, खोटं नका सांगू. मी बॉयलरवर काम केलंय बारा वर्षं. माझ्या हातात वॉल्व असायचा. मला आता माझाच भरोसा नाय."

मी सांगितलं. सगळं, क्रमाने, ट्रायलच्या कागदावर लिहितो तसं. तीन डिपर. "चला शेठ." मी इंडिकेटर दिला नाही, गाडी खेचली. तू तो होकार समजलास, आणि त्या रस्त्यावर कोणीही तेच समजलं असतं. पुढे जाताना तू मागे आमच्याकडे बघत होतास.

"हसत व्हतो?" त्याने विचारलं.

"डिपर देऊन आलास तेव्हा हसत होतास. पुढे गेल्यावर दोन-तीन सेकंद मला तू दिसला नाहीस. त्याबद्दल मी शपथ घेणार नाही. पण मरायला निघालेला माणूस तीन डिपर देऊन उत्तराची वाट बघत नाही. तू रस्त्याकडे बघत नव्हतास, म्हणून पाय ब्रेकवर गेला नाही."

मग आई म्हणाली, "म्हणजे मूर्खपणा केलान."

"हो, मावशी. त्याने केला आणि मीही केला."

म्हातारी रडायला लागली. महेशही रडला. मला तिथे बसवेना, आणि उठवेना पण.

जिन्यापर्यंत संगीता आली. "हे पोलिसांत लिवून द्याल? आमी नुसतं सांगून कोण ऐकतोय. यांना कंपनीत लावणारा तो कंत्राटदार म्हणतो, असल्या माणसाला बॉयलरजवळ कसा उभा करू."

दुसऱ्या दिवशी मी साठे साहेबांना सांगितलं. पुरवणी जबाब देणार आहे. पहिल्या जबाबात राहिलेलं नंतर सांगतात, त्याला पुरवणी जबाब म्हणतात.

"सावे, तुम्ही ऐंशीच्या आत होतात."

"होतो."

"चूक त्याची आहे."

"गाडी त्याने घातली, त्याची चूक आहेच. पण तो मरायला गेला नव्हता, तेवढं लिहून द्यायचंय."

"आणि ते लिहून देताना तुम्ही शर्यतीत होतात असं होतं. कस्टमरच्या गाडीत."

"होतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. वाईट माणूस नाही. "मग मला तुम्हाला रस्त्यावर पाठवता येणार नाही," ते म्हणाले. "माझाही नाइलाज आहे."

"नका पाठवू."

इम्तियाजला मी म्हटलं होतं, तू यात पडू नकोस. तो माझ्या आधीच पोलीस ठाण्याच्या बाकावर येऊन बसला होता. "मैंने भी तो देखा था, साब," एवढंच म्हणाला.

हवालदारांनी दोन्ही जबाब शेजारी ठेवून वाचले. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं आणि नवा जबाब फाइलला लावला. शर्यत म्हणजे दोन गाड्या, म्हणून गुन्ह्यात माझंही नाव आलं. माझं लायसन्स तीन महिने निलंबित झालं. खटला अजून चालू आहे, तारखेला महेश आणि मी एकाच बाकावर बसतो. तो काठी घेऊन येतो आणि आधी मला जागा करून देतो.

लायसन्स परत मिळालं, ट्रायल मिळाली नाही. आता माझ्या जागी दुसरा जातो, मी त्याचा कागद तपासतो. त्या कागदावर वरची ओळ मी साहेबांकडून नवीन छापून घेतली आहे. तेल, ब्रेक, टायर यांच्याही आधी ती येते. शेजारी कोणी आलं तर डावा इंडिकेटर द्यावा, ट्रायल थांबवावी. नवीन ट्रायलवाला कुरकुरतो की यामुळे एका गाडीला चार फेऱ्या लागतात. लागू देत. मला चौथी फेरी मारायचाच कंटाळा आला होता.

महेशला त्या कंत्राटदाराने परत घेतलं नाही. दुसऱ्या एका कंपनीत, जबाबाची प्रत दाखवल्यावर, बॉयलरचं पाणी तपासायचं, बसून करण्यासारखं काम मिळालं. वॉल्वला अजून हात लावू देत नाहीत.

हे ठरलं त्या आठवड्यात संगीताचा फोन आला होता. म्हणाली, सवडीने या, आणि येताना स्क्रू ड्रायव्हर आणा. आमच्याकडला कुठं ठेवलाय सासूबाईंना आठवत नाय. मी गेलो. म्हातारीने तांदळाच्या डब्यातून कडी काढून माझ्या हातात दिली. जुनी भोकं सैल झाली होती, म्हणून काड्यापेटीच्या काड्या ठोकून भरल्या आणि चारही स्क्रू पुन्हा बसवले. महेशने काठी भिंतीला लावली, आत गेला, आणि आतून कडी लावून बघितली.

घट्ट बसली होती.